बुटक्या केमनचं घर केवढं असतं?

वीतभर लांबीचं, टपोऱ्या डोळ्यांचं मगरीचं पिल्लू कुणाच्या तरी तळहातावर बसलंय, असा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. तो पाहून घरातल्या मुलांनी लगेच विचारलंही असेल, "आई, आपण पाळूया का असं?" नुसतं "नाही" म्हटलं तर मुलं गप्प बसत नाहीत. म्हणून आज आपण या प्राण्यासाठी घरात जागा करायची तर काय काय लागतं, ते नीट पाहूया. उत्तर आपोआप मिळेल.

व्हिडिओतलं ते पिल्लू बहुतेक वेळा केमनचं असतं. केमन ही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली, ॲलिगेटरच्या जवळच्या नात्यातली मगर. तिच्यातली सर्वात लहान जात म्हणजे कुव्हिएचा बुटका केमन. ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत, सावलीतल्या ओढ्यांमध्ये तो राहतो. अंगावर हाडांचं चिलखत आणि पापण्यांतसुद्धा हाड! पण 'बुटका' या शब्दावर जाऊ नका. मादी साधारण सव्वा मीटर आणि नर दीड मीटर वाढतो, काही नर त्याहूनही मोठे होतात. आणि हा पाहुणा वीस वर्षं किंवा त्याहून जास्त जगू शकतो.

आधी घर, मग प्राणी

ब्रिटनमध्ये काही जण परवाना काढून केमन पाळतात. तिथे १९७६ चा धोकादायक वन्यप्राण्यांचा कायदा आहे. परवाना स्थानिक कौन्सिल देते. त्याआधी पशुवैद्य येऊन जागा तपासतो आणि प्राण्यामुळे कुणाला इजा झाली तर त्यासाठीचा विमाही दाखवावा लागतो. म्हणजे घर आधी बांधायचं, तेही पिल्लाच्या नव्हे, पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या मापाचं. तिथल्या थंडीमुळे ते घराच्या आतच, बंदिस्त खोलीत करावं लागतं.

पाण्याचं वजन

दीड मीटरच्या प्राण्याला पोहता यावं आणि सहज वळता यावं म्हणून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल हौद धरूया. त्यात ३,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ३ टन वजन. दर चौरस मीटरवर ५०० किलो! ब्रिटनमध्ये घराच्या मजल्यावर माणसं आणि सामान यांचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरतात, आपल्याकडे २००. म्हणून असा हौद तळमजल्यावर, थेट जमिनीवरच बांधायचा.

केमन पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्यामुळे माशांच्या काचपेटीचा छोटा फिल्टर इथे पुरत नाही, बागेतल्या तळ्याला लावतात तसा मोठा लागतो. हौदाच्या तळाशी पाणी काढून टाकायची सोय हवी. बाहेर येण्यासाठी उतार हवा. तो गुळगुळीत असेल तर पाय घसरतात, खरखरीत असेल तर पोट सोलवटतं. पाणी गरम करायचा हीटर हौदाबाहेर किंवा भक्कम जाळीमागे ठेवायचा, कारण हा प्राणी तो सहज फोडू शकतो.

ऊन आणि सावली, दोन्ही

मगरवर्गातले प्राणी शरीराची उष्णता स्वतः तयार करत नाहीत. त्यांना ऊब हवी असेल तेव्हा उबेकडे आणि गारवा हवा असेल तेव्हा गारव्याकडे जाता आलं पाहिजे. म्हणून खोलीच्या एका टोकाला कोरडी जागा आणि वर, उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर, जाळीबंद उष्ण दिवा. दुसरं टोक गार. पाणी साधारण २५ ते २७ अंश. बुटका केमन मुळात सावलीतला, रात्री हिंडणारा. त्याला लपायला अंधारी कपार मिळाली नाही तर तो सतत ताणात राहतो. दिवसा अतिनील किरणांचा दिवाही लावतात. तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बिघडू शकतो, म्हणून तापमापक दोन हवेत आणि ते रोज पाहायला हवेत.

उबदार पाण्याची वाफ भिंतीत शिरते. साधं प्लास्टर फुगतं, बुरशी धरते. भिंती जलरोधक हव्यात, हवा खेळती हवी. विजेची बटणं खोलीबाहेर आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच.

दाराला दार

एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं, अशी दोन दारं हवीत. आत जाण्याआधी प्राणी कुठे आहे ते दिसेल अशी जाड काचेची खिडकी. शिवाय मध्ये सरकतं फाटक. केमन एका भागात बंद केल्याशिवाय दुसऱ्या भागात झाडू घेऊन जायचं नाही. हाताने भरवायचं तर अजिबात नाही, चिमट्यानेच द्यायचं. दोन नर एकत्र ठेवले तर मारामारी ठरलेली.

एवढं सगळं करूनही केमन कुत्र्यासारखा लळा लावत नाही. खोली नीट असेल तर तो निवांत जगतो, इतकंच. नीट नसेल तर तो ओरडून सांगत नाही. खाणं सोडतो, आजारी पडतो, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपल्याकडे तर कायदाच आडवा येतो. देशी मगर बाळगणं हा गुन्हा आहे. केमनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. परवानगीशिवाय बाहेरून आणलेलं पिल्लू ही तस्करीच. सामानात कोंबून आणलेल्या अशा पिल्लांचं प्रवासात काय होत असेल, याची कल्पना करा.

तेव्हा मुलांनी पुन्हा विचारलं तर एक करा. खडू घ्या आणि हॉलमध्ये ३ बाय २ मीटरचा चौकोन आखा. सोफा, टीव्ही, येण्याजाण्याची वाट, काय काय त्यात जातं ते मुलांनाच मोजू द्या. आणि हा नुसता हौद झाला, कोरडी जागा अजून बाकीच आहे, हेही सांगा. मग सुट्टीत जमलं तर चेन्नईजवळच्या, १९७६ मध्ये सुरू झालेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत त्यांना घेऊन जा. मगरी मनसोक्त पाहता येतील आणि घरी परतताना कुणाला पिशवीत घालून आणावंसं वाटणार नाही.