त्यागाची आरती, कामाचे विस्मरण

१/ दरवर्षी ३१ मार्चला समाजमाध्यमांवर आनंदीबाई जोशी यांचे छायाचित्र फिरते. खाली एकच ओळ असते: ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’. हे वंदन योग्यच आहे. परंतु त्याच्या आड एक निवड दडलेली आहे आणि तिचा प्रतिवाद व्हायला हवा. महाराष्ट्राने डॉक्टर स्त्रीचा त्याग स्मरणात ठेवला; तिचे काम मात्र विस्मरणात टाकले.

२/ प्रथम तथ्ये. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या. मूल दहा दिवसांत गेले. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीकक्षाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने तो पदभार त्यांना स्वीकारू दिला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

३/ त्यांच्या प्रबंधाचा विषय काय होता? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या मुलीने स्वतःचे बाळ गमावले, तिने नेमका जन्माच्या घटकेचाच अभ्यास केला. आरती ओवाळणाऱ्या किती मजकुरांत हा उल्लेख आढळतो? समुद्रप्रवास, नऊवारी आणि अकाली मृत्यू हे सारे येते; ज्या विद्येसाठी तो प्रवास घडला, ती विद्या तेवढी येत नाही.

४/ आता त्याच वर्षातील दुसरी घटना. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत, मार्च १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना आदेश दिला: पतीकडे नांदायला जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा. अकराव्या वर्षी लादलेला विवाह मान्य नसलेल्या रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली.

५/ आजारी आनंदीबाईंना टिळकांनी आदराने पत्र लिहून १०० रुपयांची मदत पाठवली होती. रखमाबाईंच्या प्रकरणात मात्र ‘केसरी’ त्यांच्या विरोधात उभा राहिला. एकीचे शिक्षण पतीच्या इच्छेने झालेले, दुसरीचे पतीला नकार देऊन. समाजाचे माप कोणते होते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

६/ रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांनी आधी सुरत आणि मग राजकोट येथे स्त्रियांची रुग्णालये सांभाळली. सुमारे पस्तीस वर्षांची ही सेवा! मोहिनी वर्दे यांनी त्यांचे चरित्र लिहिले, चित्रपटही निघाला. तरीही लोकस्मृतीत रखमाबाई म्हणजे केवळ ‘तो खटला’. सुरतेच्या प्रसूतिकक्षात गेलेली वर्षे कोणी मोजत नाही.

७/ कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली यांनाही १८८६ मध्येच वैद्यकीची पात्रता मिळाली. १८८८ मध्ये लेडी डफरिन रुग्णालयात त्या ३०० रुपये वेतनावर रुजू झाल्या. ‘बंगवासी’ नियतकालिकाने त्यांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. त्यांनी खटला भरला आणि संपादकाला तुरुंगात जावे लागले. १९२३ मध्ये ज्या दिवशी त्या वारल्या, त्याही दिवशी त्यांनी एक शस्त्रक्रिया केली होती.

८/ हैमवती सेन बालविधवा. कोलकात्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत सुवर्णपदक त्यांच्या वाट्याला आले, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी एवढा गदारोळ केला की त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे हुगळीच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी बाळंतिणींची सेवा केली. ‘पहिली’ असा शिक्का नावापुढे नसल्याने त्या कोणत्याही जयंतीच्या यादीत नाहीत.

९/ काहींचा आक्षेप ठरलेला आहे: हा आनंदीबाईंचा अवमान नव्हे काय? मुळीच नाही. अवमान तर त्यांना मृत्यूपुरते उरवण्यात आहे. त्या अमेरिकेला गेल्या त्या हुतात्मा होण्यासाठी नव्हे, डॉक्टर होऊन परतण्यासाठी. त्यांनी आखलेले आयुष्य ज्या स्त्रिया प्रत्यक्ष जगल्या, त्यांची ओळख करून घेणे हीच त्यांना खरी आदरांजली.

१०/ दुसरा युक्तिवाद: काळ अनुकूल होता, सरकारनेच दारे उघडली. १८८५ मध्ये डफरिन निधी उभारला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, हे खरे. परंतु दार उघडले ते पडद्यातील स्त्रियांना पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून. प्रसूती व स्त्रीरोग हे स्त्री डॉक्टरचे प्रवेशद्वार होते, तसेच कुंपणही. त्या कुंपणाला हात घालणारी व्यक्ती कोण? रखमाबाईच. आयुष्यभर जनाना रुग्णालये चालवून त्यांनी १९२९ मध्ये पडदा मोडून काढावा असे सांगणारी पुस्तिका लिहिली.

११/ आणि जेरुशा झिराड! बेने इस्रायली कुटुंबातील ही कन्या मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकली. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रातील एम.डी. मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९२८ मध्ये त्या कामा रुग्णालयाच्या पहिल्या भारतीय प्रमुख झाल्या. मुंबईत बाळंतपणात स्त्रिया का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. येथे ‘पहिली’ हे बिरुद असूनही विस्मरण झाले. म्हणजे स्मृतीला केवळ पहिलेपण पुरत नाही. तिला करुण शेवटही लागतो.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाने हा मोह टाळायला हवा. ‘पहिली कोण?’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते. ‘किती वर्षे, कोठे, कोणासाठी?’ असे विचारले की रुग्णालयांच्या नोंदी, वेतनपत्रके, अहवाल उघडावे लागतात. आज प्रसूतिशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या मुलीपुढे बाविसाव्या वर्षाच्या आत विझलेली एकच ज्योत ठेवायची, की पस्तीस वर्षे रुग्णालय चालवून थकलेली, सुखरूप निवृत्त झालेली डॉक्टरही ठेवायची? पहिलीकडून तिला वंदनाचा विषय मिळतो. दुसरीकडून व्यवसायाची परंपरा.