काटा कुणाच्या हातात?



आज खत-बियाण्यावर लिहायचे नाही. पण सुरुवात मात्र बियाण्यापासूनच करावी लागेल.

गोष्ट २०२० च्या खरिपातली. त्या वर्षी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर ढिगाने आल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. गट मी तयार केलेला, त्यामुळे ॲडमिन मीच. हवामान, कीड, योजनांच्या मुदती असे सगळे त्यावर टाकत असतो. एका सकाळी एका शेतकऱ्याने आपल्या रानाचे दोन फोटो टाकले. तासच्या तास मोकळे, मधेच एखादे रोप. खाली लिहिले होते, "सायेब, तीन पिशव्या पेरल्या, चार आणे बी पण उगवलं न्हाई. लॉट नंबर खाली देतो. कुणी घेऊ नका."

अर्ध्या तासात दुकानदाराचा फोन. "साहेब, तुमच्या ग्रुपवर आमची बदनामी चाललीय. त्यानं खोल पेरलं असंल. काढायला लावा ते, नाहीतर मला वर सांगावं लागंल."

मी म्हटले, पेरणीच्या दिवसांत कशाला ही झंझट? शेतकऱ्याला फोन करून संदेश काढायला लावला. त्याने बिचाऱ्याने काढला. वर मी गटाची सेटिंग बदलून 'फक्त ॲडमिन लिहील' अशी केली आणि उपदेश लिहिला, "गटाची शिस्त पाळावी." त्याचे रान मात्र पाहायला गेलो नाही.

पुढच्या चार दिवसांत त्याच लॉटच्या पिशव्या आणखी काही जणांनी नेल्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीने नंतर पाहणी केली, तेव्हा त्यांच्याही रानात तीच तऱ्हा. त्यातला एक जण मला एवढेच म्हणाला, "सायेब, त्यो मेसेज ऱ्हायला असता तर माझी पेरणी वाचली असती."

यावर मला उत्तर नव्हते आणि आजही नाही. पण तेव्हापासून एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे. मोबाइलवर कोणाचे बोलणे ठेवायचे आणि कोणाचे काढायचे, हे ठरवायचे कुणी आणि कोणत्या नियमाने?

चावडी गावाची, जागा कंपनीची

पूर्वी बोलायची जागा म्हणजे पार, चावडी, नाहीतर आठवडी बाजार. त्या जागा गावाच्या होत्या. आता चावडी मोबाइलमध्ये गेली. व्हॉट्सॲप आणि फेसबुक ही दोन्ही एकाच कंपनीची, मेटाची. यूट्यूब गूगलचे. ट्विटर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी विकत घेतले, त्याचे नाव आता एक्स. बोलणारे आपण, ऐकणारे आपण, पण जागेचा मालक दुसराच. मी एका गटात जे केले, तेच काम या कंपन्या कोट्यवधी लोकांच्या बाबतीत रोज करतात.

आपल्याच विषयातले उदाहरण घ्या. दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांचे आंदोलन चालू होते. २० डिसेंबर २०२० रोजी 'किसान एकता मोर्चा'चे फेसबुक पान एकाएकी बंद झाले. ओरड झाली, तेव्हा तीन तासांच्या आत ते पुन्हा सुरू केले गेले. कंपनीचा खुलासा असा, की पानावर वर्दळ फार वाढली म्हणून स्वयंचलित यंत्रणेला ते 'स्पॅम' वाटले. आता आंदोलनात वर्दळ वाढणार नाही तर कधी वाढणार? आणि ते पान देशभर माहीत होते म्हणून तीन तासांत उघडले. तुमचे-माझे पान बंद झाले तर किती दिवसांनी उघडेल, याचा विचार करा.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या मागणीवरून ट्विटरने सुमारे अडीचशे खाती भारतात बंद केली. त्यात हाच मोर्चा होता आणि 'कॅरव्हान' हे मासिकही होते. काही तासांनी ती उघडली, मग सरकारची नोटीस आली, मग पाचशेवर खात्यांवर कारवाई झाली. पत्रकार, कार्यकर्ते आणि राजकीय नेते यांची खाती मात्र बंद करणार नाही, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. हे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात. न पाळल्यास कंपनीच्या माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्याच्या नियमांत गोपनीयतेची अट आहे. म्हणजे ज्याचे बोलणे बंद झाले, त्याला आदेशाचा कागद पाहायला मिळेलच असे नाही. मी स्वतः सरकारी नोकर आहे. सरकारने कधीच आदेश काढू नये, असे माझे म्हणणे नाही. पण अतिक्रमण काढतानाही आपण आधी नोटीस देतो. इथे बोलणे काढताना ती का नको?

पालघरची गोष्टही विसरू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर सगळे व्यवहार बंद राहिले. त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला नुसते 'लाइक' केले. दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६अ रद्दच केले. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. कोणीही उठून तक्रार केली म्हणून मजकूर काढलाच पाहिजे, असे बंधन कंपनीवर नाही. ते बंधन येते न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने. दुकानदाराच्या नुसत्या फोनवर मी जे केले, ते या कसोटीला उतरत नाही, हे मला फार उशिरा कळले.

मग सगळेच मोकळे सोडायचे का?

कोणी म्हणेल, कुणाचेच काही काढू नका. थांबा. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवा.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या या गावात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. भटकी जमात, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच मारून टाकले. पाचही जणांना. गावकारभारी मंडळींनो, जागा लक्षात घ्या. ग्रामपंचायतीचे कार्यालय.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. असे संदेश त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. इथे एक गोष्ट नीट पाहा. व्हॉट्सॲपवरचे संदेश कंपनीला वाचता येत नाहीत, ते कुलूपबंद असतात. कंपनीने कोणाचे तोंड बंद केले नाही, कोणाचा शब्द खोडला नाही. फक्त वेग कमी केला. बांध न फोडता पाण्याला उतार कमी द्यावा, तसे. हे करता येत होते. पण केले गेले ते माणसे मेल्यावर.

काट्यात पाप

असे उशिरा का होते? कारण कंपनीची कमाई आपल्या बोटावर आहे. जितका वेळ बोट पडद्यावर फिरेल, तितक्या जाहिराती. आणि माणूस रागावला की बोट थांबत नाही.

हा नुसता माझा तर्क नाही. फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये कंपनीची आतली कागदपत्रे बाहेर आणली. त्यातून कळले, की २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट भावना दाखवणाऱ्या चिन्हांना साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिले जात होते. ज्या मजकुरावर लोक जास्त चिडले, तो जास्त लोकांपुढे गेला. अशा मजकुरात खोटे जास्त असते, हे कंपनीच्याच माणसांना २०१९ मध्ये दिसले होते. रागाचे वजन शून्यावर आणले २०२० मध्ये. तेव्हा खोटा मजकूर कमी झाला आणि लोकांचे फेसबुक पाहणे काही घटले नाही.

आपल्या भाषेत याला काटा मारणे म्हणतात. अडत्याने कापसाच्या काट्यावर बोट ठेवले तर आपण बाजार डोक्यावर घेतो. इथे राग पाचपट मोजला गेला आणि आपल्याला पत्ताही नाही.

कंपनी म्हणते, जागा आमची, नियम आमचे. बरोबर आहे, संविधानातले भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्धचा हक्क आहे. पण अडत्याचे दुकानही खासगीच असते. तरी त्याचा काटा तपासून शिक्का मारलेला लागतो, लिलाव उघड लागतो आणि हिशोबपट्टी द्यावी लागते. दुकान तुझे, पण माल आमचा आहे ना?

मागायचे काय?

माझ्या मते तीनच गोष्टी. बोलणे काढले तर कारण लेखी द्या. आमचे म्हणणे ऐकून घ्या. आणि अपील दुसऱ्या माणसापुढे ठेवा, तेही आमच्या भाषेत.

यातले काही कागदावर आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल करायचा; २०२१ मध्ये ही मुदत १५ दिवसांची होती. मोठ्या कंपनीने आपणहून मजकूर काढला तर कारण कळवायचे आणि बाजू मांडायची संधी द्यायची. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील समितीकडे जाता येते. या समित्या २०२३ पासून काम करतात, अर्ज ऑनलाइन असतो. खोट यात एकच, समित्या नेमते केंद्र सरकारच. मजकूर काढण्याचा आदेश एका दाराने आणि अपील शेजारच्या दाराने, हे बरे नव्हे. तिथे स्वतंत्र माणसे हवीत.

भाषेचा मुद्दा तर जिवाचा आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून पसरला. तो रोखायला आम्ही पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीने २०१८ मध्ये दिली. तिथली भाषा जाणणारी माणसेच सुरुवातीला तिच्याकडे फार थोडी होती. आपली अहिराणी, वऱ्हाडी कोणत्या यंत्राला कळते? शिवी कुठली आणि लाडाने हाक कुठली, हे गावच्या माणसालाच कळते.

आपल्या गटापासून सुरुवात

कंपनीला जे सांगतो, ते आधी आपण पाळू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केले, की दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. त्याचा संगनमताने हात असल्याचे दिसले पाहिजे. तेव्हा भीतीपोटी सगळ्यांचे तोंड बंद करायचे कारण नाही.

आमच्या गटात आता चार ओळींचा नियम आहे. तक्रार असेल तर पाहिले तेवढेच लिहा: तारीख, गट नंबर, लॉट नंबर, फोटो. "दुकानदार चोर आहे" असे लिहू नका, ते ठरवणे तुमचे काम नाही. बिल, पिशवी, टॅग आणि थोडे बियाणे जपून ठेवा आणि लेखी अर्ज तालुक्याला द्या. ज्याच्यावर तक्रार, त्यालाही गटात उत्तर देता येईल. काही काढायचे झाले तर ॲडमिनने कारण सांगायचे आणि कोणाला पटले नाही तर गटातल्या तिघांनी मिळून ठरवायचे.

अफवेला मात्र वेगळा नियम. मुले पळवणारे, गोमांस, विहिरीत विष, असले काही आले की पुढे ढकलायचे नाही. सरपंच, पोलीस पाटील यांनी लगेच ११२ ला फोन लावावा आणि लाउडस्पीकरवरून खरे काय ते सांगावे. परका माणूस कोणी धरलाच तर कार्यालयाचे दार त्याला वाचवायला बंद झाले पाहिजे, मारायला नव्हे.

ज्या शेतकऱ्याला मी संदेश काढायला लावला, तो अजून आमच्या गटात आहे. पण त्या दिवसापासून त्याने एक ओळही लिहिलेली नाही. नवा नियम केला तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो. चहा दिला त्याने, म्हणाला, "बघू सायेब."

त्याने पुन्हा लिहावे, याची मी वाट पाहतो आहे. तुमच्याही गटात असा गप्प झालेला एखादा असेल. त्याला विचारा, कशामुळे गप्प झालास? काटा सरळ आहे की नाही, हे त्याच्याच तोंडून कळेल.