मधल्या सुट्टीचा मालक कोण?

शाळेच्या मधल्या सुट्टीत एखाद्या ख्रिस्ती युवक-कार्यकर्त्याने चार मुले जमवावीत, त्यांच्याशी आपुलकीने बोलावे, खेळ मांडावेत, जमल्यास खाऊ द्यावा, एवढ्याने हिंदुत्ववाद्यांचा धर्म धोक्यात येतो. मध्य प्रदेशात तर हा धोका कायद्यातच लिहून ठेवला आहे. २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने ‘प्रलोभना’च्या व्याख्येत भेटवस्तू व नोकरी यांच्या जोडीला धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील शिक्षणही घातले. अल्पवयीन मुलाचा संबंध आला तर शिक्षा २ ते १० वर्षांची. शिक्षणाला आमिष ठरविणारे राज्यकर्ते स्वतःच्या शाळांविषयी केवढी कबुली देत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही!

या कायद्याच्या छायेत काय घडते, ते जबलपूरने पाहिले आहे. मे २०२३ मध्ये कटनीच्या एका बालगृहावरून जबलपूरच्या बिशपांवर मुलांच्या धर्मांतराचा गुन्हा नोंदविण्यात आला. तक्रारीचा अधिकार धर्मांतरित व्यक्तीचा वा तिच्या आप्तांचा आहे, याकडे बोट दाखवून उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन दिला. ३१ मार्च २०२५ रोजी मंडल्याहून आलेल्या ख्रिस्ती यात्रेकरूंना अडवून रांझी पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि त्यांच्या मदतीस धावलेल्या धर्मगुरूंना ठाण्यातच मारहाण झाली. कायद्याचे रक्षक समोर होते.

या प्रकरणाची मुळे जुनी आहेत. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, एप्रिल १९५४ मध्ये, काँग्रेस सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ सालचा तिचा अहवाल संघवाले आजही पोथीप्रमाणे पुढे करतात. मात्र पोथीचे एक पान ते नेहमी चिकटवून ठेवतात. आदिवासी, दलित व मागास जनतेला शिक्षण, आरोग्य आदी सेवा पुरविणे हे सरकारचे आद्य कर्तव्य होय, असे त्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. (इतर संस्थांनी केवळ स्वधर्मीयांसाठीच कार्य करावे, ही संकुचित अटही त्याच शिफारशीत आहे.) सत्ताधाऱ्यांनी त्यातील बंदी तेवढी उचलली. १९६८ साली जनसंघाचा सहभाग असलेल्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारने कायदा केला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, २०२१ साली भाजपने त्याला नवे दात बसविले. आद्य कर्तव्य मात्र कागदावरच राहिले.

शाळकरी मुलाला दुपारचे शिजविलेले अन्न द्या, हे सरकारांना सांगण्यासाठी २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. ताट आले, तर त्यावरही सोवळे! २०१५ साली मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी अंगणवाडीतील मुलांना अंडे देण्यास नकार दिला. कुपोषित बालकाच्या घासापेक्षा वरिष्ठ जातींचा शाकाहार मोठा ठरला. सरकारी शाळांत सूर्यनमस्काराचा घाट घालताना हीच मंडळी त्याला धर्मप्रसार म्हणत नाहीत. त्याची सक्ती करता येणार नाही, हे २००७ साली जबलपूरच्याच उच्च न्यायालयाने सुनावले.

म्हणून मिशनऱ्यांच्या मस्तकाभोवती तेजोवलय रंगवावे, असे मुळीच नाही. मैत्रीच्या मोबदल्यात प्रार्थना मागितली जात असेल, तर ती मैत्री नव्हे, व्यवहार आहे. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणास राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने मज्जाव केला आहे. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात बसविता येत नाही. हे बंधन बायबलला आहे तसेच गीतेला आहे. त्यासाठी दहा वर्षांच्या तुरुंगाची गरज नाही.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९८० च्या शिक्षण कायद्याने थॅचर सरकारने शाळेतील सार्वत्रिक जेवणाचे बंधन काढून टाकले. २०१० नंतरच्या काटकसरीत युवक केंद्रे बंद पडत गेली. आज अनेक शाळांत दुपारच्या सुट्टीत एकाकी मुलांसाठी मंडळ चालविणारे लोक चर्चचे असतात. सरकारने सोडलेली जागा त्यांनी भरली.

जबलपूरमध्ये विडी वळणाऱ्या मातेच्या, आयुधनिर्माणीतील कंत्राटी कामगाराच्या मुलाला पोटभर सकस अन्न, खेळायला मैदान आणि त्याचे नाव ठाऊक असलेला कायम शिक्षक हवा आहे. जिल्ह्यातील किती सरकारी शाळांत ही तिन्ही आहेत, याचा शाळावार हिशेब भोपाळच्या सरकारने विधानसभेच्या पटलावर ठेवावा आणि रांझी ठाण्यात कोणाच्या आशीर्वादाने हात उगारले गेले, याचाही जबाब त्याच दिवशी द्यावा.