वाकीच्या पाटलांचे घर

सावनेर तालुक्यातले वाकी हे कन्हान नदीकाठचे छोटेसे गाव. जनगणना अशा गावाची डोकी मोजते, घरे मोजते, धर्मही लिहून घेते. गावाने कोणाला घरात घेतले, याचा रकाना मात्र तिच्यात नसतो.

कामठीत १८६१ साली जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेडे ठरवून नागपूरच्या पागलखान्यात ठेवले गेले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना शकरदऱ्याच्या वाड्यावर आणले. पुढे वाकीच्या काशिनाथ पाटलांकडे त्यांचा मुक्काम झाला. १९२५ साली बाबा गेले. मजार नागपूरच्या ताजबागेत आहे. तरी भाविकांनी वाकीची वाट सोडलेली नाही. हिंदू जातात, मुसलमानही जातात.

रमजानमध्ये शहरात इफ्तारची निमंत्रणे एकमेकांकडे जातात, ही चांगलीच गोष्ट. पण एका संध्याकाळी सोबत बसून खजूर खाणे सोपे आहे. खोली भाड्याने देताना आडनावावर न अडणे अवघड. पाटलांनी बाबांना दिली ती राहण्याची जागा होती. वाकीची खरी संस्कृती तीच. तिथे चादर चढवून परतणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, भाडेकरू दारात आला की तिची आठवण ठेवावी.