ट्रॉय की ओक?

टॉमस हार्डी यांच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) या कादंबरीविषयी बोलताना प्रश्न ठरलेला असतो: बेभान प्रेम खरे, की शांत जिव्हाळा? देखणा सार्जंट ट्रॉय की मेंढपाळ गेब्रियल ओक? मला ही मांडणीच अपुरी वाटते.

काकांच्या मागे बाथशीबा शेती स्वतः पाहते, गड्यांचा पगार स्वतः वाटते. ट्रॉय नेच्यांच्या रानात तिच्याभोवती तलवार फिरवतो आणि ती भुलते. यात तिचे काय चुकले? बाईला अशी ओढ वाटूच नये, असे आपणही म्हणायचे का? घात होतो तो लग्नानंतर. तिचा पैसा तो घोड्यांच्या शर्यतीत उडवतो. विवाहित स्त्रीची मालमत्ता तिचीच, हे इंग्लंडच्या कायद्याने मान्य केले ते १८८२ साली!

ओकच्या सबुरीचे फार कौतुक होते. (सबुरी बाईने दाखवली तर कादंबरी होत नाही.) मला तो पटतो वादळाच्या रात्री. ट्रॉय गड्यांना दारू पाजून झिंगलेला. ओक एकटा तिच्या गंजी झाकतो आहे, आणि तीही शिडीवरून पेंढ्या वर पोचवते. तिने पूर्वी त्याला लग्नाला नकार दिलेला आहे. त्याचा सूड तो घेत नाही. ती चुकली तर तोंडावर सांगतो, त्यापायी नोकरीही गमावतो.

सल्ला केंद्रात मुली विचारतात, ‘ताई, कुणाला हो म्हणू?’ मी आधी विचारते, लग्नानंतर तुझा पगार कुणाच्या हातात जाणार? आणि त्याला तू कधी ‘नाही’ म्हणून पाहिलंयस का?