सापळा माश्यांनी भरलेला, तरी हापूसमध्ये अळी कशी?

रत्नागिरीतल्या आंब्याच्या बागांमध्ये फांदीला टांगलेले प्लॅस्टिकचे डबे तुम्ही पाहिले असतील. आत मेलेल्या माश्यांचा खच असतो. तरीही कधीकधी पिकलेला हापूस कापला की पांढरी अळी वळवळताना दिसते. मग हा सापळा काम करतो की नाही?

करतो. पण तो अळीसाठी नाहीच.

सापळ्यात काय असतं?

मिथिल युजेनॉल. तुळशीसह अनेक वनस्पतींमध्ये सापडणारं हे सुगंधी रसायन. फळमाशीचा नर या वासाकडे वेड्यासारखा ओढला जातो. कारण ते खाल्लं की त्यापासून त्याच्या शरीरात मादीला भुलवणारा गंध तयार होतो. ही ओढ वापरूनच दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा तयार केला. नर संपले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी थांबते.

मग अळी येते कुठून?

मादी वेगळ्या वासामागे येते, तयार होत आलेल्या आंब्याच्या. ती सालीला टोचून आत अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या गर खातात. सापळ्याच्या वासाचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. शेजारच्या बागेत मीलन होऊन आलेली मादीही त्यात अडकत नाही.

म्हणजे एकट्याने सापळे लावून भागत नाही. फळं तयार होण्याआधी आजूबाजूच्या सगळ्या बागांमध्ये ते हवेत. गळलेली फळंही उचलून नष्ट करायला हवीत, कारण अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि त्यातून नवी माशी निघते.

एवढ्याशा माशीने काय होतं?

भारतातून गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात थांबवली. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. अंडी-अळ्या मारण्यासाठी निर्यातीचा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया वापरली जाते.

मुंबई-पुण्याला जाणाऱ्या पेटीवर मात्र अशी सक्ती नाही. तुमच्या घरी येणाऱ्या हापूसचं रक्षण बागेतच व्हावं लागतं.