आवृत्तीचा आकडा म्हणजे दिलेला शब्द

महाळुंग्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या शॉपमध्ये कुठलंही ड्रॉइंग उघडा. खालच्या चौकटीत पार्ट नंबर आणि रिव्हिजन सापडेल. नियम जुना आहे. बदललेला भाग जुन्याच्या जागी बिनतक्रार बसत असेल, तर नुसती रिव्हिजन वाढते. बसत नसेल, तर पार्ट नंबरच नवा. मुक्त सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांनाही हीच शिस्त हवी. टॉम प्रेस्टन-वर्नर यांच्या ‘सिमँटिक व्हर्जनिंग’मध्ये ती आहे: पहिला आकडा वाढला तर जुन्याशी मेळ तुटला, दुसरा वाढला तर जुनं शाबूत ठेवून नवी सोय आली, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती झाली.

विरोधक लिनक्स पुढे करतात. २०११ मध्ये त्याचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, २.६.३९ वरून थेट ३.० वर गेलं, आणि त्यामागे मोठा बदल नाही असं खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच सांगितलं. मग आकड्याला अर्थ हवाच कशाला? दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. कर्नलवर चालणारे लोकांचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा तिथला पक्का नियम आहे. ज्यांनी अशी कायमची हमी दिलेली नाही, त्यांना लिनक्सची मोकळीक घेता येणार नाही.

दुसरे म्हणतात, सरळ तारीख घाला. उबुंटू २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. ऑपरेटिंग सिस्टिमला हे शोभतं, कारण तिथे दुरुस्त्या किती वर्षं मिळणार हा मुख्य प्रश्न असतो. पण तारखेवरून वय कळतं. अपडेट केल्यावर काय मोडेल, ते कळत नाही.

तिसरे नम्रतेपोटी शून्यावरच थांबतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आधी त्यात स्केच बदललं की पुढचं भोक भलत्याच पृष्ठावर जायचं. तो जुना दोष बराच आवरल्यावरच त्यांनी एक लिहिला. कारण प्रामाणिक होतं. तरीही लोक ज्यावर रोजचं काम करतात, त्यावरचं शून्य त्यांना काहीच सांगत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: साध्या दुरुस्तीनेही कुणाचं तरी काम अडतं, म्हणजे हा शब्द पाळता येतच नाही. चुका होणारच. पण तिसराच आकडा वाढवून माझं काम मोडलं, तर तो दोष तुमचा, हे निर्विवाद ठरतं. संकेतच नसेल तर जाब कुणाला विचारायचा?

या शिस्तीची किंमत लहान कारखान्याला कळते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या १४ व्या आवृत्तीत पगार आणि मनुष्यबळाचा भाग वेगळ्या ॲपमध्ये गेला, जीएसटीच्या सोयी ‘इंडिया कंप्लायन्स’ या ॲपमध्ये गेल्या. ती ॲप न बसवता १३ वरून १४ वर उडी घेतली, तर इनवॉइस काढायच्या वेळीच खोळंबा. पहिला आकडा बदललेला दिसला की जाणता माणूस आधी बॅकअप घेतो, चाचणीच्या सर्व्हरवर बिलं काढून पाहतो, मगच चालू यंत्रणेला हात लावतो.

म्हणून ज्याच्यावर दुसऱ्यांचं काम उभं आहे, त्या प्रत्येक प्रकल्पाने तीन आकड्यांचा संकेत जाहीर करावा, रोजच्या वापरात येताच १.० लिहावं आणि मेळ तोडताना पहिला आकडा वाढवायला कचरू नये. सॉफ्टवेअर फुकट दिलं, म्हणून वापरणाऱ्याला अंधारात ठेवण्याचा हक्क मिळत नाही.